चराई नसलेला भाग

आमच्या कामात अळंबीला नाव देणं सोपं असतं, तिचा पत्ता लिहिणं अवघड. नाव लॅटिनमध्ये असतं. ते चुकलं तर जगभरातली दहा-बारा माणसं नाकं मुरडतात आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापून मोकळी होतात. पत्त्याचं तसं नाही. अळंबी कुठल्या मातीत, कसल्या गवतात, कशाच्या शेजारी उगवली, याची ती एक ओळ असते. पुडीवर अगदी शेवटी. आम्ही तिला अधिवास म्हणतो. लोक ती वाचतात, खरी मानतात आणि तिच्या भरवशावर कुंपणं घालतात.

मी घालायला लावलेलं कुंपण दोन किलोमीटर लांब आहे.

मी संग्रहालयाच्या तळघरात काम करते. तिथे खिडक्या उघडत नाहीत आणि कपाटांत वाळवलेल्या अळंब्यांच्या अकरा हजार पुड्या आहेत. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी असते: नाव, कुणाला सापडली, कधी, कुठे आणि शेवटी अधिवास. ज्या पुडीवरून एखाद्या जातीचं वर्णन पहिल्यांदा छापलं जातं, तिला लाल कड लावतात. लाल कडेची पुडी माझ्या वाट्याला आयुष्यात एकच आली. बोटाच्या पेराएवढी अळंबी, नारिंगी-लाल, मेण चोळल्यासारखी तुकतुकीत. तिला नाव दिलं ते आमच्या मोठ्या सरांच्या आडनावावरून. तेव्हा मला त्याचं फार कौतुक होतं. आता वाटतं, बरं झालं, निदान नाव तरी माझं नाही.

यंदा पाऊस ओसरल्यावर, कुंपण घातलेल्या त्या माळाच्या अधिकाऱ्याचा फोन आला. मी त्याला मनातल्या मनात कुंपणसाहेब म्हणते. माणूस वाईट नाही, पण कागदावर असेल तेवढंच त्याला दिसतं.

"मॅडम, तुमची अळंबी काही दिसत नाही," तो म्हणाला. मीच कुठेतरी ठेवून विसरले आहे, असा सूर. "तीन वर्षं झाली, एकही नाही. कुंपण ठेवायचं की काढायचं यावर गुरुवारी समितीची बैठक आहे. त्याआधी एकदा येऊन बघता का?"

येते म्हणाले.

माळावर गेले तर आत गवत कमरेइतकं. पाच वर्षांत त्याला कुणी तोंड लावलं नव्हतं. वरचं हिरवं बाजूला केलं की खाली जुनं वाळकं गवत गादीसारखं दाबून बसलेलं, आणि त्याखाली कुठेतरी माती असावी. मी गुडघ्यांवर बसून दोन तास चाचपडत राहिले. उंचवट्यापाशी बघितलं, झऱ्याच्या काठाने बघितलं, तीन दगडांच्या मागे बघितलं. कुंपणसाहेब नकाशा घेऊन मागे धडपडत येत होता.

"नकाशाशिवाय बरोबर झऱ्यावर आलात," तो म्हणाला. "काय नजर आहे हो तुमची!"

त्या झऱ्यात मी पोहायला शिकले होते. त्या तीन दगडांतल्या मधल्या दगडावर माझी ताई बसायची आणि आमच्या वडिलांच्या मेंढ्या सभोवार चरायच्या. मी दुसऱ्या बाजूला पुस्तक घेऊन पडलेली असायचे. हे त्याला सांगायला काय हरकत होती? काहीच नाही. पण सात वर्षं जी गोष्ट सांगितली नाही ती त्या गवतात उभी राहून कशी सांगणार. मी नजरेचं कौतुक मुकाट्याने पदरात पाडून घेतलं.

शेवटी हात हलवत परत फिरलो. फाटकाबाहेर राखणदाराची खोली आहे. तिच्यासमोर एका खुंटीला त्याची शेळी बांधलेली असते. दोरी पुरते तिथवर तिने गवत कुरतडून साफ केलं होतं, एखाद्याचं डोकं बारीक कापावं तसं. आणि त्या गोल तुकड्यात, शेळीच्या लेंड्यांच्या मधोमध, सात अळंब्या उभ्या होत्या. नारिंगी-लाल. तुकतुकीत.

मी एक उपटली. देठ बोटांत चोळला आणि नाकाशी नेला. मधाचा वास.

"पण ही तर कुंपणाच्या बाहेर आहे," कुंपणसाहेब चिंतेत पडला. "ही धरायची नाही ना?"

राखणदार शेळीचं पाणी बदलत होता. तो म्हणाला, "ही इथे दरवर्षी येते साहेब. मला वाटलं तुम्हाला आतलीच हवी."

त्या माणसाला माझ्याहून जास्त कळत होतं. त्याने शेळी बांधली होती, मी कुंपण घातलं होतं.

तरी नाव पक्कं करणं भाग होतं. तळघरात परतल्यावर मी सगळं पायरीने केलं, कारण हात कामात असले की डोकं जरा गप्प बसतं. टोपी कापून काळ्या कागदावर पालथी ठेवली, वर काचेचं भांडं. या जातीचे बीजाणू पांढरे असतात. नवखी माणसं पांढऱ्या कागदावर ठेवतात आणि काहीच पडलं नाही म्हणून रडत येतात. सकाळी काळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचं वर्तुळ उमटलं होतं. टोपीखालचे पडदे जाड, विरळ, चिमटीत दाबले की मेणासारखे चुरडणारे. सूक्ष्मदर्शकाखाली मापं बरोबर. मग लाल कडेची पुडी काढून शेजारी ठेवली. तीच जात. शंकाच नाही.

आणि पुडीवरची शेवटची ओळ माझ्याच अक्षरात, माझ्याच काळ्या शाईत: "जुना गवताळ माळ, चराई नसलेला भाग."

ती ओळ मी कशी लिहिली ते आता सांगते. सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगते.

सात वर्षांपूर्वी मी घरी गेले असताना ताईच्या हातात ही अळंबी पहिल्यांदा नीट बघितली. लहानपणापासून आम्ही तिला पायदळी तुडवत होतो. पण तोवर मी शिकून आले होते, आणि जगात तिची नोंद कुठेच नाही असं मला वाटायला लागलं. ताईला म्हटलं, आणखी सापडल्या तर आणून दे. आठवड्याने ती आलीही. बसने, टोपलीत ओलं गवत पसरून, त्यावर बारा अळंब्या एकीला दुसरीचा धक्का लागणार नाही अशा मांडून. पायांत रबरी बूट, बुटांना शेण. तशीच ती संग्रहालयाच्या पुढच्या पायऱ्या चढून आली. मी वही काढली, पेन्सिलने लिहून घेतलं. बाहेर फिरताना आम्ही पेन्सिलच वापरतो, शाई ओलीत पसरते. ताई सांगत होती.

"देठ चोळून बघ बारके, मधाचा वास येतो. आणि मेंढ्या जिथे गवत खाऊन बारीक करतात ना, तिथेच येते ही. गवत वाढलं की हिचा पत्ता नाही. लिही, लिही."

मी लिहिलं. तेवढ्यात मोठे सर बाहेरच्या दोन पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यात आले. त्यांची नजर टोपलीवर गेली, बुटांवर गेली, फरशीवर उमटलेल्या शेणाच्या ठशांवर गेली. त्यांनी मला विचारलं, "या बाई कोण?"

ताई हसतमुखाने माझ्याकडे बघत होती. ती वाट बघत होती की मी सांगेन.

मी म्हणाले, "तिकडे मेंढ्या राखते सर. एक बाई."

इतकंच. पाच-सहा शब्द. ताईचं हसू लगेच गेलं नाही, जरा वेळ तसंच तोंडावर राहिलं. मग ती म्हणाली, "येते मी, मॅडम," आणि टोपली तिथेच ठेवून पायऱ्या उतरली. जाताना तिने फरशीवरचे ठसे बुटाच्या कडेने पुसायचा प्रयत्न केला. ते आणखीच पसरले.

पाहुणे गेल्यावर सरांनी माझी वही घेतली. "मधाचा वास, हे उत्तम निरीक्षण," ते म्हणाले. "पण हे मेंढ्यांचं काय आहे? मेंढ्या राखणारी बाई मेंढ्यांची बाजू घेणारच. इतकी नाजूक जात चराईत टिकेल का? तो भाग चराई नसलेला असणार. तुम्ही जाऊन बघितलंय का?"

आता मी काय सांगणार? बघितलंय, सर, मी तिथेच वाढले, एक दिवस असा गेला नाही की तिथे मेंढ्या नव्हत्या? म्हणजे मग ती बाई कोण ते आलंच. सरांनी वही परत दिली, मी खोडरबर घेतलं. कुणाला सापडली, त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मधाचा वास ठेवला, मेंढ्या पुसल्या.

दोन वर्षांनी कुणीतरी तो लेख वाचला. दुर्मीळ जात, नाजूक अधिवास, चराई नसलेला भाग. मग चराई बंद नको का करायला? कुंपण झालं. ताईने मला फोन केला होता. "बारके, तू त्यातली आहेस ना? काही बोलता येईल का?" मी म्हणाले, हा वरचा निर्णय आहे, माझ्या हातात काही नाही. असे हात झटकले. ताईने मेंढ्या विकल्या आणि शहरात येऊन रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला लागली. माझ्या घरापासून ते वीस मिनिटांवर आहे. पाच वर्षांत मी तिथे दोनदा गेले होते.

जुनी वही मी फेकली नव्हती. त्या दिवशी ती काढली, दिव्याखाली तिरपी धरली. पुसलेलं सगळं वाचता येत होतं. मी पेन्सिल दाबून लिहिते. "मेंढ्या जिथे गवत बारीक करतात तिथेच." आणि त्याखाली, कंसात: "ताई म्हणाली."

दुसऱ्या दिवशी मी धुलाईघरात गेले. मोठी यंत्रं घरघरत होती, वाफेने भिंती ओल्या झाल्या होत्या. ताई लांब टेबलाशी चादरी घड्या करत होती. तिच्या डोक्याला फडकं, हाताला गरम कापडाने आलेली लाली. मला बघून तिने काही विचारलं नाही, चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली.

"धर. माझी जोडीदारीण आज आली नाही."

आम्ही चादर ताणली, मध्ये दुमडली, एकमेकींकडे चालत आलो, टोकं जुळवली. परत लांब गेलो. चौथ्या चादरीला मी सांगून टाकलं. अळंबी शेळीपाशी सापडली हे सांगितलं, वही सांगितली, सर सांगितले, खोडरबर सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, चादरीच्या शिवणीकडे बघत होते.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"फाटकावर कागद लावला होता ना. चराई नसलेला भाग, देठाला मधाचा वास, आणि खाली तुझं नाव. मी आधी तुझं नावच वाचलं. आनंद झाला मला. फाटकावर आमच्या बारकीचं नाव! मग वरचं वाचलं." तिने चादर झटकली. "मधाचा वास तेवढा ठेवलास."

"फोन केलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं की. तू सांगतेस का ते बघत होते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तिच्या हातात चादरींचा ढीग होता आणि तो दुपारपर्यंत संपवायचा होता.

"सहा ठेवल्यात मी," ती जरा वेळाने म्हणाली. "तुला सांगितलं नव्हतं. सगळ्या नाही विकल्या. वडिलांच्या वाणाच्या सहा एका गवळ्याच्या गोठ्यात आहेत. मी सुट्टीच्या दिवशी जाते, शेण काढते, चारा घालते. आता तो गोठा वाढवतोय. महिनाअखेर हलवा म्हणतो. माळ उघडला तर न्यायला जागा आहे. नाही तर त्याही जातील, आणि वाण संपला."

"उघडेल," मी म्हणाले. "गुरुवारी मी नवी नोंद वाचणार आहे. शेळी आहे, अळंबी आहे, मापं आहेत. तू ये. तिथे आधी कोण चारत होतं ते समितीला ऐकायचं असतं."

"माझी कामाची पाळी असते गुरुवारी."

"ताई."

"बघते. त्या कोपऱ्याची घडी वाकडी आली तुझी. परत घाल."

गुरुवारी ती आली. धुलाईघराचा निळा झगा काढायलाही वेळ मिळाला नव्हता. समितीची खोली म्हणजे लांब टेबल, पाच माणसं, पाण्याचे ग्लास आणि भिंतीवर माळाचा नकाशा. त्यात कुंपण लाल रेघेने दाखवलेलं. अध्यक्षबाई चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन सगळं नीट वाचणाऱ्यांतल्या होत्या. मी नवी नोंद वाचली: ही जात आखूड, चरलेल्या गवतात येते, गवत वाढलं की दिसेनाशी होते, मूळ नोंदीतली ओळ चुकीची आहे. चुकीची आहे म्हणाले. कुणी चुकवली ते म्हणाले नाही. तेवढी चलाखी मला अजून जमत होती.

कुंपणसाहेबाने शेळीचं सांगितलं तेव्हा सगळे हसले. हसले म्हणजे पटलं होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण अळंबीसाठी कुंपण घातलं आणि अळंबीलाच बाहेर काढलं." मग त्यांनी ताईला पुढे बोलावलं. ताई बोलली ते ऐकण्यासारखं होतं. कुठल्या महिन्यात कळप कुठे असायचा, गवत कुठे किती राहायचं, अळंबी आधी कुठल्या उतारावर यायची, नंतर कुठल्या. सात वर्षांपूर्वी हेच मी लिहून घेतलं असतं तर माझा लेख चौपट चांगला झाला असता. टेबलाशी बसलेली माणसं लिहून घेत होती. गोठ्यातल्या त्या सहा मेंढ्या मला माळावर चरताना दिसायला लागल्या.

"ठीक आहे," अध्यक्षबाईंनी छापील कागद ओढला. "एवढा रकाना भरते आणि मताला टाकू. साक्ष देणाऱ्याचं तज्ज्ञाशी काही नातं आहे का?"

ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाही," ती म्हणाली. "मी तिकडे मेंढ्या राखायचे. एक बाई."

माझेच शब्द. तिने ते टोमणा म्हणून वापरले नाहीत, हे मला तेव्हाही कळलं. नातं निघालं तर घरचंच माणूस म्हणतील, साक्ष जाईल, एवढा हिशोब तिने खोलीत शिरतानाच केला असणार. अध्यक्षबाईंचं पेन रकान्यावर टेकलं. मी गप्प बसायचं होतं. एवढंच काम होतं माझं. सात वर्षं तेच तर करत आले होते.

"ती माझी बहीण आहे," मी म्हणाले. "मोठी बहीण."

पेन थांबलं.

आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. मी सगळं सांगितलं. टोपली, बूट, व्हरांडा, खोडरबर. ती अळंबी तिला सापडली होती, ओळ मी खोटी लिहिली होती, कुंपण माझ्यामुळे झालं. आवाज चिरकत होता. कुंपणसाहेब माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू मी कुंपणच गिळलं. मला वाटत होतं, छातीवरचा दगड उतरतोय. खरंच उतरत होता. बाजूला ताई हळूहळू खाली बघायला लागली होती, आणि तो दगड कुणाच्या पायावर पडतोय हे बघायची बुद्धी मला झाली नाही.

मी थांबले तेव्हा अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्या कठोर नव्हत्या. "मॅडम, तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "पण आता माझी अडचण समजून घ्या. जुनी नोंद तुमची, ती खोटी होती असं तुम्हीच म्हणता. नवी नोंदही तुमचीच. साक्ष तुमच्या बहिणीची, आणि मेंढ्याही त्यांच्याच. यावर मी आज मत कसं घेऊ? बाहेरचा तज्ज्ञ आणावा लागेल. त्याने हंगामात येऊन बघायचं. हंगाम तर आता संपत आला. म्हणजे पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी," कुंपणसाहेबाने लिहून घेतलं.

बाहेर जिन्यावर ताई माझ्या पुढे चालत होती. खालच्या पायरीवर ती वळली. तिला इतकं चिडलेलं मी लहानपणानंतर बघितलं नव्हतं.

"बोलायचं होतं तेव्हा गप्प बसलीस," ती म्हणाली. "आणि आज गप्प बसायचं होतं तर बोललीस. पेन टेकलं होतं बारके. एक ‘नाही’ लिहायचं बाकी होतं."

"मला खोटं..."

"तुला हलकं व्हायचं होतं. झालीस ना? माझ्या सहा जणींना आता मी कुठे नेऊ?"

"माझ्याकडे ने," मी म्हणाले. काय बोलतेय ते मलाच कळत नव्हतं.

"तिसऱ्या मजल्यावर? गच्चीत चारतेस?" तिला हसू येणार होतं, तिने ते दाबलं. मग हात झटकला. "चल. माझी उरलेली पाळी बुडते आहे."

मी तिच्या मागोमाग बसथांब्यापर्यंत गेले. तळघराची किल्ली खिशात चाळवत होते. मनाशी ठरवलं की पुडीची चिठ्ठी आजच बदलायची, कुणाला सापडली, त्या रकान्यात तिचं नाव घालायचं. मग वाटलं, यानेही परत मलाच बरं वाटणार. चिठ्ठीने गोठा मिळत नाही. तरी बदलायची. आणि संध्याकाळी त्या गवळ्याकडे जाऊन हात जोडायचे, एक वर्ष मुदत मागायची, शेण मी काढते म्हणायचं. तो नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे. हे ताईला सांगितलं नाही. तिला माझ्या बोलण्याचा आज पुरेसा अनुभव आला होता.

बस यायला वेळ होता. धुलाईघरातली दुसरी एक बाई, तसाच निळा झगा घातलेली, हातात डबा, थांब्यावर येऊन उभी राहिली. तिने ताईला विचारलं, काम झालं का. ताई म्हणाली, नाही झालं. मग त्या बाईची नजर माझ्याकडे वळली. मी रडून रडून विचित्र दिसत असणार. नाक लाल, केस विस्कटलेले, हातात कागदांची चळत उलटीसुलटी.

"या कोण गं?" तिने विचारलं.

मी मान खाली घातली. ताई काय म्हणेल ते ऐकायची माझी तयारी होती. तिने काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"बहीण माझी," ताई म्हणाली. "धाकटी."

विचार करायला तिला जरासुद्धा वेळ लागला नाही. बस आली तेव्हा तिने पिशवी माझ्या हातात दिली, स्वतः आधी चढली आणि वरून पिशवी घ्यायला हात पुढे केला.